झाडून ठेवलेला कचरा डेपो

मला पसारा सहन होत नाही. आमच्याकडे कोणी पहिल्यांदा आलं की मिस्टर त्याला दारातच सांगतात, "चप्पल जोडीनं ठेवा जी, नाही तं आमची मंडळी तुमचं बोलणं ऐकणार नाही, चपलेकडंच पाहत बसन." माझ्या कपाटात साड्या रंगाप्रमाणे लागलेल्या असतात आणि डाळींचे डबे उंचीप्रमाणे. अशा बाईला नोकरी लागली ती नगरपालिकेच्या स्वच्छता विभागात. तिथे मी सव्वीस वर्षं काढली आणि नुकतीच निवृत्त झाले. गाव यवतमाळ जिल्ह्यातलंच. नाव सांगत नाही, कारण ऑफिसातली माणसं अजून मला चहाला बोलावतात.

माझं टेबल लख्ख होतं. गावाबद्दल मी तसा दावा करणार नाही. सकाळी घंटागाड्या गाणी वाजवत वॉर्डावॉर्डांतून फिरायच्या. लोक त्यांत एकाच बादलीतून भाजीची देठं, शिळ्या पोळ्या, फुटका आरसा आणि पोराचं डायपर ओतायचे, आणि ते सगळं गावाबाहेरच्या डेपोवर जाऊन पडायचं. डेपो म्हणजे एके काळची दगडाची खाण. खाण केव्हाच भरली होती, आता तिच्यावर टेकडी झाली होती. टेकडीवर कुत्री, डुकरं, बगळे आणि पाच-सहा बाया असायच्या. बाया प्लास्टिक, काच, लोखंड वेचायच्या आणि भंगारवाल्याला विकायच्या.

त्यांतली एक सगळ्यांत जुनी. तिला सगळे मावशी म्हणायचे. मीही म्हणायचे, खरं तर वयानं ती माझ्याबरोबरीची. हातात लोखंडी आकडा, पाठीला पोतं, डोक्याला नवऱ्याचा जुना मफलर. मी महिन्यातून एकदा नाकाला पदर लावून पाहणीला जायचे, तेव्हा ती लांबूनच ओरडायची, "म्याडम, तिकडून नका येऊ, पाय जाईन खाली!" मी तिथूनच परत फिरायचे आणि रजिस्टरमध्ये लिहायचे, पाहणी केली, परिस्थिती समाधानकारक.

तर अशा या डेपोला एक दिवस परदेशातून गिऱ्हाईक आलं.

म्हणजे आधी एक जाड फाइल आली, पूर्ण इंग्रजीत. आमचे मुख्याधिकारी नवीन होते, तरुण होते. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली, कारण ऑफिसात इंग्रजीला न घाबरणारी मी एकटीच आहे असा सगळ्यांचा समज होता. मी घाबरत होते, पण चष्मा पुसत घाबरायचे, त्यामुळे कळायचं नाही. चार दिवस डिक्शनरी घेऊन बसल्यावर मला एवढं समजलं की ओला कचरा ढिगाखाली हवेवाचून सडला की त्यातून मिथेन नावाचा वायू निघतो आणि तो जगाचं ऊन वाढवतो. तोच ओला कचरा वेगळा काढून शेडमध्ये उलथापालथ करत, वारा लागू देत कुजवला, तर त्याचं खत होतं आणि तो वायू फारसा निघत नाही. न निघालेला वायू किती, ते मोजायचं. दूरच्या एका थंड देशाला स्वतःचा धूर हवा तेवढा कमी करणं जमत नव्हतं. तो आपल्याला शेडचा, यंत्रांचा, मजुरीचा खर्च देणार आणि इथे झालेली घट आपल्या नावावर लावून घेणार. दोन्ही सरकारांनी त्यावर सह्या करायच्या. एकदा घट त्यांना दिली की ती आमचीच म्हणून आपण मिरवायची नाही. याला कार्बन बाजार म्हणतात.

हे मी मिस्टरांना जेवताना समजावून सांगितलं. ते मूळचे बाभुळगावकडचे, घरची तूर आणि कापूस, बाजार म्हटला की त्यांचे कान टवकारतात.

"म्हणजे जे झालंच नाही, ते विकाचं?"

"हो."

"मंग इतक्या वर्षांत मी तुह्यावर कितीदा चिडलो नाही, ते मोज नं. त्याले एखांदं गिऱ्हाईक पाह्य."

मी म्हटलं, "असं मोजत नाहीत. आधी तुम्ही मुळात किती चिडता ते मोजायचं, मग त्यातून किती कमी झालं ते."

आणि फाइलीत अगदी तसंच होतं. आधी आजची स्थिती मोजायची. ढीग किती खोल, त्यात ओला कचरा किती, रोज नवा किती येतो. हे आजचं वाईट नीट मोजलं गेलं तरच पुढची घट खरी. हे मी स्वतः वाचलं होतं, पेन्सिलीनं पट्टी लावून अधोरेखितही केलं होतं. पुढे मी जे केलं त्याला अडाणीपणा म्हणता येत नाही, ही त्यातली लाजेची गोष्ट आहे.

शेडमध्ये सहा बायांना रोजंदारीचं काम मिळणार होतं. हातमोजे, बूट, डोक्यावर पत्रा, बसायला ओटा. ही बातमी ऑफिसच्या आधी डेपोवर पोचली. दुसऱ्याच दिवशी मावशी माझ्या टेबलासमोर उभी. केस धुतलेले, लुगडं धुतलेलं, चपला बाहेर काढलेल्या.

"म्याडम, त्या शेडात माह्यं नाव टाकजा. गुडघे गेले आता. टेकडीवर चढणं होत नाही. सावलीत बसून निवडाचं काम मले जमते."

मी म्हटलं, "पाहू."

सरकारी ऑफिसात 'पाहू' म्हणजे काय, हे साऱ्या जिल्ह्याला माहीत आहे. तिलाही होतं. तरी ती हसून "बरं जी" म्हणाली आणि गेली. ती उभी होती तिथली फरशी मी शिपायाकडून पुसून घेतली. आज लिहिताना जिवावर येतं, पण घेतली.

सहा नावं माझ्याकडे आधीच होती. कोणा ना कोणा नगरसेवकाच्या शब्दाखातर आलेली, बचत गटांतल्या बायांची. मी ती अकारविल्हे लावून, टाइप करून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. यादी दिसायला फार छान होती.

मग कळलं की जानेवारीत परदेशातून पडताळणी करणाऱ्या बाई येणार आहेत, सोबत दिल्लीचे सल्लागार. मुख्याधिकाऱ्यांनी मला बोलावून एवढंच म्हटलं, "मॅडम, तयारी करा."

आता आमच्याकडे साहेब येणार म्हटलं की काय करायचं, हे कोणाला शिकवावं लागत नाही. दवाखान्यात साहेब येणार असले की चादरी बदलतात, शाळेत येणार असले की झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागतो. मी जन्मभर हेच पाहिलं होतं आणि त्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. मी दोन जेसीबी लावले. टेकडी सपाट करून घेतली. वर ट्रकांनी मुरूम टाकला आणि पाणी मारून बसवला. कडेनं गेरू-चुन्याचे दगड, मागे हिरवी जाळी. घरच्या शेवंतीच्या कुंड्या नेऊन मांडल्या. घंटागाड्यांना दोन दिवस डेपोवर यायची बंदी केली आणि त्या भरल्या तशा जुन्या जकात नाक्यामागे उभ्या करायला लावल्या. मुरमावर स्वतः वाकून रांगोळी काढली. डुकरंसुद्धा बिचकून लांब बसली होती.

राहता राहिल्या त्या बाया. त्यांना मी स्वतःच सांगितलं, "उद्या इकडे फिरकू नका. पाहुणे आहेत."

मावशीनं विचारलं, "कचऱ्याचेच पाहुणे हायेत नं? मंग आमी काहून नाही?"

मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं."

दुसऱ्या दिवशी हवा चांगलीच गार होती. मी सिल्कची साडी नेसून, हातात पुष्पगुच्छ घेऊन फाटकापाशी उभी. गाडी थांबली. परदेशी बाई उतरल्या, उंच, पांढऱ्या केसांच्या, आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. मला वाटलं, बिचारीला कोणीतरी चुकीचं सांगितलं. त्यांनी पुष्पगुच्छ घेतला, रांगोळीला वळसा घातला, मुरमाच्या मैदानावर चारी बाजूंनी नजर फिरवली आणि सल्लागारांकडे पाहिलं.

सल्लागार मला म्हणाले, "मॅडम, कचरा किधर है?"

मी छाती पुढे काढून म्हटलं, "कुछ भी नहीं है सर. एकदम साफ कर दिया."

त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी आपल्या बुटांकडे पाहिलं.

"और आज की गाड़ियाँ?"

"उनको छुट्टी दिया सर."

मग सल्लागार फार सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, ये इतनी दूर से कचरा ही देखने आई हैं."

मला तेव्हा ती पेन्सिलीची रेघ आठवली. पट्टी लावून ओढलेली, सरळ. माझ्या कानांतून वाफा निघाल्या. मुख्याधिकारी माझ्याकडे पाहत नव्हते, ते शेवंतीच्या कुंडीकडे पाहत होते. सल्लागारांनी सांगितलं की त्यांच्याजवळ हा एकच दिवस आहे. आज मोजणी झाली नाही तर आमचं गाव बाद आणि यादीतलं पुढचं गाव आत. म्हणजे शेड गेली, ओटा गेला, सहा जणींचं काम गेलं. जगाचं ऊन कमी करायला निघालेला एक करार माझ्या झाडूपुढे अडून बसला होता.

तेवढ्यात हिरव्या जाळीमागून खर्र खर्र आवाज आला.

मी साडी सावरत धावले. जाळीमागे मावशी उकिडवी बसून आकड्यानं मुरूम उकरत होती.

"मावशी! नको म्हटलं होतं ना?"

"म्याडम, माह्ये तीन पोते गाडले तुमच्या जेसीबीनं," ती मान वर न करता म्हणाली. "आठ दिवसांचा माल हाय. पाहुणे गेल्यावर आली असती, पण ड्रायव्हर म्हणे दुपारी रोलर येणार हाय. काचेचा चुरा झाल्यावर काय करू?"

ती पोती फेकून द्या असं मी सांगितलं नव्हतं. पोती तिथे आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. डेपोवर वर्षानुवर्षं एका कडेला तिची पोती असायची आणि मी ती कचऱ्यातच धरली होती.

तिनं गुडघाभर खड्डा केला होता. वर माझा तांबडा मुरूम, खाली प्लास्टिकच्या पिशव्या, त्याखाली काळं, ओलं, दबलेलं. आणि त्या गार हवेत खड्ड्यातून पांढरी वाफ वर येत होती. मी खड्ड्यासमोर आडवी उभी राहिले, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. पण बाई लांब टांगा टाकत आल्या, मला हातानं अलगद बाजूला केलं आणि खड्ड्याच्या काठावर चक्क गुडघ्यांवर बसल्या. कचऱ्याकडे पाहून एवढा खुललेला चेहरा मी नोकरीत कधी पाहिला नव्हता.

मावशी घाबरली नाही. तिला वाटलं, ही बाई पोती शोधायला मदत करायला आली. तिनं तिला जागा करून दिली.

सल्लागारांनी विचारलं, "दीदी, इसके नीचे क्या है, पता है?"

"पता काहून नाही? वीस साल से इधरच हूँ." मग तिचं हिंदी संपलं आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. "सांगा नं म्याडम त्यायले. हे वरचं दिवाळीचं. याच्या खाली महालक्ष्म्यायचं जेवण हाय, पत्रावळी दिसते पाहा. त्याच्या खाली उन्हाळ्यातली लगनं. मंडईचा माल सारा त्या आंगाले, तिथं सगळ्यात जास्ती सडते. आन् तिकडं कोपऱ्यात खोदू नका म्हणा, आतमंदी आग हाय, होळीपासून धुमसून राह्यली."

मी वऱ्हाडीचं इंग्रजी करायला लागले. दिवाळी पार पडली, पण महालक्ष्म्यांपाशी माझं इंग्रजी अडलं. सोळा भाज्या, आंबील, सगळ्या आळीला जेवण, हे कसं सांगावं? शेवटी मी हातांनी मोठं ताट दाखवलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं देव जाणे, पण बरंच लिहिलं.

"वाफ कुठं कुठं निघते?" हे मीच विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला डेपोबद्दल काही विचारलं.

ती उठली, एक हात गुडघ्यावर ठेवून. आकडा टेकत टेकत तिनं सात-आठ जागा दाखवल्या. "इथं मी पाय शेकते थंडीत. इथं जास्ती गरम. इथं नाही, इथं बांधकामाचा मलबा हाय खाली." सल्लागार तिच्यामागे वायू मोजायच्या यंत्राची नळी घेऊन फिरले. जिथे ती म्हणेल तिथे नळी खुपसायची आणि यंत्रावरचा आकडा पाहायचा. मलब्याच्या जागी त्यांनी मुद्दाम खुपसून पाहिली. यंत्रावर काही दिसलं नाही. मावशी म्हणाली, "सांगतलं होतं नं?"

मुख्याधिकाऱ्यांनी फोन केला आणि जकात नाक्यामागच्या गाड्या आल्या. दोन दिवस दाबून ठेवलेला कचरा, त्याच्या वासाचं वर्णन करत नाही. मावशीनं हाक मारली तशा बाकीच्या बायाही आल्या. त्या फार लांब नव्हत्याच, बाभळीखाली बसून गंमत पाहत होत्या. ताडपत्री अंथरायला सपाट जागा एकच होती, ती माझ्या रांगोळीची. तिच्यावर ताडपत्री पडली, ताडपत्रीवर कचरा पडला आणि ओला, सुका, काच असे ढीग करून दिवसभर वजनं झाली. मी लिहून घेत होते. दुपारी माझ्या सिल्कच्या पदराला काहीतरी लागलं, ते काय आहे हे मी पाहिलं नाही. संध्याकाळी मावशीची पोतीही निघाली. दोन धड होती, तिसऱ्यातल्या बाटल्या फुटल्या होत्या.

जाताना परदेशी बाईंनी मावशीचा हात हातात घेतला, हातमोजा काढून. मग सल्लागारांना काहीतरी विचारलं. ते माझ्याकडे वळले. "मॅडम पूछ रही हैं, शेड में काम करनेवालों की लिस्ट में इनका नाम है ना?"

ती यादी माझ्या ड्रॉवरमध्ये होती, अकारविल्हे.

मी म्हटलं, "पहला नाम इन्हीं का है."

हिंदी आमच्याकडे सगळ्यांना कळतं. मावशीनं मफलर सोडला, झटकला, परत बांधला आणि माझ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत मी ऑफिसात बऱ्याच थापा ऐकल्या आणि काही मारल्याही, पण एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

तिथून मी घरी गेले नाही, तशीच वास मारत ऑफिसात गेले. ड्रॉवर उघडला, जुनी यादी फाडली आणि नवी टाइप केली. डेपोवरच्या सहाही जणींची नावं टाकली. अकारविल्ह्यानं मावशीचं नाव शेवटी यायला हवं होतं. मी ते पहिलं टाकलं. रांग मोडलेली ती यादी पाहून मला अजूनही कसंसं होतं. पुढे आठ दिवस ज्यांनी नावं दिली होती त्यांचे फोन घरी येत राहिले आणि मिस्टर प्रत्येकाला सांगत राहिले, "ते घरी नाही जी, कचरा पाहाले गेली."

मंजुरीला दीड वर्ष लागलं. दोन देशांच्या सरकारांना आमच्या गावच्या भाजीच्या देठांवर सह्या करायच्या होत्या, ते काही सोपं काम नव्हतं. कागद गेले, परत आले, कुठे शब्द बदलला, कुठे शिक्का पुसट निघाला. मी निवृत्त व्हायच्या दोन महिने आधी शेड उभी राहिली. मावशी पहिल्या दिवशी नवे बूट न घालताच आली. बूट तिनं घरी डब्यात जपून ठेवले होते. ते घालायचे असतात हे पटवायला आठवडा गेला.

परवा मी शेडवर गेले होते. आता मी पाहणीला जात नाही, नुसती जाते. पहिलं खत चाळून तयार झालं होतं, काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं. मावशी ओट्यावर बसली होती, पायांत बूट, हातांत मोजे, गुडघे सावलीत. ओटा माझ्या टेबलासारखा लख्ख होता. मी घरून आणलेली कापडी पिशवी पुढे केली आणि म्हटलं, "मावशी, या पहिल्या खतातलं थोडं मला पाहिजे होतं. गुलाबांना."

तिनं एक एक करून हातमोजे काढले. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पाहू," ती म्हणाली.

बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी "बरं जी" म्हटलं, पिशवी ओट्यावरच ठेवली आणि निघाले. फाटकापाशी वळून पाहिलं, तर मी उभी होते ती ओट्यासमोरची जागा ती केरसुणीनं झाडून घेत होती.

पिशवी अजून तिच्याकडेच आहे.